सरकारी गव्हाला विटाळ कळत नाही

मागच्या महिन्यात गावी बाबांच्या फोटोला हार घालायचा कार्यक्रम झाला. नव्या हॉलमध्ये मोठी फ्रेम लावली आहे आणि तिच्याखाली रंगानं लिहिलं आहे, ‘गावात नवा गहू प्रथम आणणारे प्रगतिशील शेतकरी.’ माझ्या धाकट्या भावानं, बंडूनं, भाषण केलं. आमच्या बाबांनी मुलगा-मुलगी असा फरक कधी केला नाही, असं तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांच्या रांगेत बुंदीचा द्रोण मांडीवर धरून बसले होते. त्यानं माइक माझ्याकडे फिरवला. “ताई, दोन शब्द बोलतेस का?” मी मान हलवून नाही म्हटलं. चार माणसांपुढे माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. कोणीतरी म्हणालं, ताईबाई पहिल्यापासूनच लाजाळू. बायका हसल्या. मीही हसले असेन. बसमध्ये बसल्यावर मात्र मी तिकिटाचे बारीक तुकडे करत राहिले, आणि नागपुरात जरीपटक्याला घराचं कुलूप उघडलं तेव्हाही ते मुठीतच होते. लाजणारं माणूस तिकीट फाडत नाही. मला राग आला होता, आणि तो काही मागच्या महिन्यातला राग नव्हता.

दुपारी मुलगा आणि सून कामावर गेले की जेवणाचं टेबल मोकळं असतं. तिथं बसून लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले. जोडाक्षराला अजून हात अडतो. हे कोणाला दाखवायचं नाही, म्हणून चुकलं तरी चालेल.

आमचं गाव नागपूर जिल्ह्यात, कुहीच्या बाजूला. पावसाळ्यात जिकडे पाहावं तिकडे धान, आणि धान निघाल्यावर विहिरीखालच्या वावरात गहू. घरात रोज भातच. सकाळी रात्रीच्या भाताला फोडणी, दुपारी वरण-भात आणि लाखोळीच्या पानांची भाजी, थंडीत कधी ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. गव्हाचं काही व्हायचं ते सणाला किंवा पाहुणा आला तर. म्हणून गव्हाचं वावर म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या जिवाभावाचं. ओंब्या भरायला लागल्या की पोपट यायचे, आणि आम्ही मुलं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून फुटके डबे बडवायचो. तो डब्यांचा आवाज, विहिरीवरच्या इंजिनाचा फटफट आवाज आणि घरी आत्याचा आवाज, हे माझ्या लहानपणचे तीन आवाज.

आत्या बाबांची मोठी बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळे ती घरात कुठं आहे ते तिच्या बोलण्यावरूनच कळायचं, आणि ती सतत बोलायची. माय तिच्यापुढे दबून असे. बाबा तिला बाई म्हणत आणि तिचा शब्द कधी खाली पडू देत नसत. आत्याची सगळी पत तिच्या हातच्या लांब रोटीवर होती. चुलीवर मडकं उलटं ठेवायचं. कणीक पाण्याच्या हातानं मळून, आपटून, ओढून इतकी सैल करायची की ती अंगाखांद्यावर खेळायला लागते. मग दोन्ही हातांवर झेलत झेलत ती कोपरापर्यंत लांबवायची आणि अलगद मडक्यावर सोडायची. आत्याची रोटी डोळ्यांपुढे धरली तर पलीकडचं माणूस दिसे. दुसऱ्या गावचे लोक लग्नकार्यात तिला बोलवायला बैलगाडी पाठवायचे. विधवेला मांडवात कोणी पुढं करत नव्हतं, पण चुलीपाशी तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. आता या वयात मला तिचं ते समजतं. समजतं म्हणून राग कमी होतो असं मात्र नाही.

त्या रोटीला आमचाच गहू लागायचा. घरचं जुनं बी, आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं. कोठीत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं असे. त्या वर्षी पेरणीच्या आधी शेतीखात्याचे एक साहेब सायकलवर आले. त्यांनी पोत्यातून मूठभर नवा गहू काढून बाबांच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, “तुमच्या जुन्या बियाण्यावर गेरवा फार लवकर येतो. या बियाण्याला तो धरत नाही. निदान अर्ध्या वावरात तरी पेरून पाहा.” पुस्तकात ज्याला तांबेरा म्हणतात त्याला आमच्याकडे गेरवा म्हणायचे. गव्हाच्या पानावर गेरूसारखी पूड धरते, बोट लावलं की बोट लाल होतं, आणि मग दाणा भरत नाही.

बाबांनी दाणे दाताखाली चावून पाहिले. आत्या दारातूनच ओरडली, “त्या गव्हाची रोटी होते का गा, साहेब?”

साहेब खरं बोलणारे होते. म्हणाले, “जरा तुटते म्हणतात.”

“मंग घेऊन जा तुमचा गहू,” आत्या म्हणाली. “आमच्या इथं जनावरायले सरकी हाये.”

सगळे हसले. बाबाही हसले आणि त्यांनी दाणे परत पोत्यात टाकले. साहेब ते पोतं घेऊन शेजारच्या वावरवाल्याकडे गेले. ते गणपतकाका, माझ्या मैत्रिणीचे, शांताचे वडील. त्यांच्या घरी रोटीवरून कोणाची पत ठरत नव्हती. त्यांनी बी घेतलं. आमचं वावर आणि त्यांचं वावर यांच्यात एकच धुरा होता, दोन पावलं रुंद. गावात नवा गहू प्रथम कोणी आणला ते हे असं आहे. त्यांचा फोटो हॉलमध्ये नाही.

तो धुरा माझ्या सगळ्या आयुष्याचा धुरा आहे. गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला पलीकडच्या गावात जायचं तर त्याच धुऱ्यानं, मग पुढं आणखी लोकांच्या वावरांच्या धुऱ्यांनी, मग नाला ओलांडून. शांता आणि मी चौथीत होतो. शाळेत उशिरा घातल्यामुळे आम्ही चांगल्या वाढलेल्या मुली होतो. आम्ही सगळं ठरवून ठेवलं होतं. एकच दप्तर असलं तर आळीपाळीनं उचलायचं, नाल्यात पाणी असलं तर चपला हातात घ्यायच्या. चपला नव्हत्याच, पण पाचवीला मिळतील असं शांता म्हणायची. मी वर्गात बोलत नसे. गुरुजींनी विचारलं तर पाटीवर लिहून दाखवायची. गुरुजी म्हणत, “हिच्या तोंडाला कुलूप आहे, पण हात चालतो.” मला पाचवीला जायचं होतं. आयुष्यात इतकं स्पष्ट मला परत काही हवंसं वाटलं नाही.

माघात चार-पाच दिवस आभाळ भरून राहिलं. पाऊस नाही, ऊनही नाही, नुसता ओलसर वारा. शाळा सुटल्यावर मी आणि शांता बाबांची शिदोरी घेऊन वावरात गेलो. सकाळपासून माझं पोट दुखत होतं. गहू कमरेपर्यंत आला होता आणि धुऱ्यावर वाकला होता. चालताना त्याची पानं फ्रॉकला घासत होती. बाबा वावराच्या मधोमध उकिडवे बसले होते. आम्ही हाक मारली तरी उठले नाहीत. जवळ गेले तर त्यांच्या हातात एक पान होतं आणि बोटं लाल झाली होती. त्यांनी बोटं धोतराला पुसली. पलीकडच्या कोपऱ्यातली सगळी पानं तशीच झाली होती.

“बाबा, गेरवा?” मी विचारलं.

त्यांनी धुऱ्यावर उभ्या असलेल्या शांताकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, “घरी काई सांगू नको. बाई उगीच बोंब मारीन.”

मी मान हलवली. न सांगायला मला कधीच त्रास पडला नाही.

घरी आले तेव्हा आत्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनं मला पाठमोरी पाहिली आणि जागच्या जागी किंचाळली. मला वाटलं पाठीवर विंचू आहे. माय धावत आली. फ्रॉकला मागून रक्त लागलं होतं. मायनं मला सांगून ठेवलेलं नव्हतं, शांतालाही माहीत नव्हतं. मी मरते आहे असं मला वाटलं. आणि आत्यानं माझा खांदा धरून मला वळवलं, तेव्हा समोरून फ्रॉक गुडघ्यापर्यंत लाल पुडीनं माखलेला होता. तिनं पुडीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“वावरात गेली होती काय वं?”

मी मान हलवली.

“अशी? या अवस्थेत? पिकातून?” आणि मग तिनं मायकडे वळून ते वाक्य म्हटलं, जे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात गेलं. “पोरीनं गहू बाटवला, वं. गेरवा आणला वावरात.”

मी आज शांतपणे विचार करते तेव्हा मला हेच सगळ्यात जास्त जाळतं. माझ्या फ्रॉकला पूड लागली, कारण गेरवा वावरात आधीच होता. नसता तर लागली कशी असती? लहान मुलालाही हे समजेल. मी ज्याच्यातून चालत आले होते ते माझ्यामुळे झालं, हे म्हणणं त्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाला उलटं करून पाहावंसं वाटलं नाही. आणि ज्या एका माणसानं तो गेरवा माझ्या आधी, स्वतःच्या बोटांनी पाहिला होता, तो माणूस दिवेलागणीला घरी आला, त्यानं हातपाय धुतले, आत्याचं सगळं ऐकून घेतलं आणि जेवायला बसला. मी गोठ्याशेजारच्या पडवीत गोणपाटावर बसले होते. बांबूच्या तट्ट्याच्या फटीतून मला त्यांचा हात दिसत होता. भात कालवताना तो हात एकदाही थांबला नाही.

त्या पडवीत माझे पहिले बाहेरचे दिवस गेले. थाळी लांबून सरकवायचे. तट्ट्याच्या पलीकडे बैल रवंथ करायचे आणि मी त्यांच्याशी बोलायची, कारण ते उत्तर देत नसत. एका दुपारी शेतीचे साहेब आले. बाबांनी त्यांना वावर दाखवून आणलं होतं. ते दोघं येऊन तट्ट्याच्या पलीकडच्या बाजेवर बसले. मायनं चहा आणून दिला आणि ती आत गेली. मी अगदी हाताच्या अंतरावर होते, हे बाबा विसरले असावेत.

“मी तुम्हाला पेरणीलाच सांगितलं होतं,” साहेब म्हणाले. “जुनं बी, त्यात उशिरा पेरलं, पाणीही जास्त दिलं. आणि हे असं आभाळ. ही लागण आजची नाही, पंधरवडा तरी झाला असेल. आता औषधानंही फार हाती लागणार नाही.”

“पण येते कुठून गा हे?” बाबांनी विचारलं.

“वाऱ्यानं. दक्षिणेच्या थंड डोंगरांत हा रोग जिवंत राहतो, तिथून वाऱ्याबरोबर वर येतो. ज्या गव्हाला धरता येईल त्याला धरतो. शेजारी पाहा, तोच वारा, तेच आभाळ. गणपतरावांचं एक पान लाल नाही. बियाण्याचा फरक आहे, दुसरं काही नाही.”

साहेबांनी बशीतला चहा ओढल्याचा आवाज आला. नंतर ते म्हणाले, “गावात काही भलतंच ऐकलं मी. तुमच्या मुलीबद्दल.”

“बायाचं काय असते, साहेब,” बाबा म्हणाले. “त्या बोलतेत. तुमी नका ध्यानात घेऊ.”

मला इतका आनंद झाला की मी तोंडावर हात दाबून धरला. डोंगर, वारा, बी. मी दक्षिणेचे डोंगर कधी पाहिले नव्हते, नागपूरही पाहिलं नव्हतं. पण मला दिसलं की तिकडून लाल पूड उडत उडत येते आहे आणि वाटेत कुठंही मी नाही. आता बाबा आत जाऊन सांगतील, असं वाटलं. मी वाट पाहत बसले.

शेवटच्या दिवशी माय मला न्हाऊ घालायला आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले ते, आणि बाबांनी गेरवा आधी पाहिला होता तेही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब बोलणं असेल. माय पाणी ओतायची थांबली. मग मला कोरडं करून तिनं लुगड्याचा पदर खोचला आणि थेट ओसरीवर गेली. बाबा दोर वळत होते. माय त्यांच्याशी कधी दिवसाढवळ्या समोरासमोर उभी राहून बोलत नसे.

“साहेब काय सांगून गेले जी परवा?”

“काई नाई,” बाबा म्हणाले. “औषध सांगून गेले.”

“अजून काई?”

“अजून काय सांगतेत?” त्यांनी दोराचा पीळ घट्ट केला. “तुले काहून पायजे?”

मायनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी ओल्या केसांनी तुळशीपाशी उभी होते. ती नजर मी विसरलेली नाही. तिला समजलं होतं की मी खरं सांगते आहे आणि ते खोटं. मग ती आत गेली आणि चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला. मायवर मी रागावले नाही असं लोकांना सांगत आले. रागावले आहे. तिनं निदान एकदा मोठ्यानं विचारलं एवढंच तिच्या नावावर आहे, आणि ते फार थोडं आहे.

दुसऱ्या दिवशी आत्यानं वावराची शांत करायची ठरवली. हा आमच्या गावचा रिवाज. बाटलेल्या वावराला गोमूत्र शिंपडायचं, धुऱ्यावर नारळ फोडायचा आणि जिच्या हातून झालं तिनं वावरापुढे डोकं टेकून चुकलं म्हणायचं. आजूबाजूचे वावरवाले आपापल्या गव्हाच्या काळजीनं आले. सगळे पुरुष दवानं ओल्या पिकातून गोमूत्र शिंपडत फिरले आणि बाहेर आले तेव्हा प्रत्येकाचं धोतर गुडघ्यापर्यंत लाल झालेलं होतं. ती पूड घेऊन ते आपापल्या वावरात गेले. त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

मी धुऱ्यावर उभी होते. डावीकडे आमचं वावर, जळाल्यासारखं तांबूस. उजवीकडे गणपतकाकांचं, हिरवंगार, वाऱ्यावर डुलणारं. दोन्हींच्या मधे मी. सूर्य आमच्या वावराच्या बाजूनं होता आणि माझी सावली त्यांच्या गव्हावर पडली होती, आमच्या नाही.

गणपतकाका भले माणूस. ते म्हणालेच. “बाई, माह्यं वावर बी याच धुऱ्याले लागून हाये. माह्या पोरीसंगं रोज हेच पोरगी इथून जाते. माह्या गव्हाले तं काईच नाई झालं.”

आत्या एक क्षणही अडली नाही. “तुमचा गहू सरकारी हाये, गणपतभाऊ. सरकारी गव्हाले काय विटाळ समजते?”

सगळे हसले. खदखदून हसले. गणपतकाकाही हसले, कारण ते भले होते पण भांडणारे नव्हते. एवढ्या हसण्यात मी खाली वाकून, ढेकळांवर डोकं टेकून, चुकलं म्हटलं. मोठ्यानं म्हण, असं आत्या म्हणाली. मी परत म्हटलं. तोंडात माती गेली होती.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते. उठले तेव्हा नाल्याकडच्या वावराचा मालक बाबांना विचारत होता, “हे पोरगी आता पाचवीले याच धुऱ्यानं जाईन ना गा? दर महिन्याले? तुमच्या वावराचं झालं ते झालं. आमच्या वावरायचं काय?”

सगळे बाबांकडे पाहायला लागले. मीही पाहत होते. त्यांना फक्त एवढं म्हणायचं होतं की गेरवा आधीचा आहे, साहेबांनी सांगितलं. एक वाक्य. ते म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं की मग बी का बदललं नाही. बहिणीच्या रोटीसाठी सरकारी बी परत करणारा माणूस म्हणून गावानं त्यांना चार दिवस हसून घेतलं असतं. चार दिवस.

बाबा म्हणाले, “नाई जाईन.”

बस. माझी शाळा त्या दोन शब्दांत संपली. शांतानं माझा हात धरला होता, तो तिच्या बापानं सोडवला आणि तिला घरी नेलं. लहान असताना मला वाटायचं, बाबांना खूप वाईट वाटलं असेल. आता मी स्वतः मुलं वाढवली आहेत. वाईट वाटणं ही फार स्वस्त गोष्ट आहे.

होळीला आत्यानं त्याच गव्हाच्या रोट्या करायला घेतल्या. दाणा सुरकुतलेला, हलका, नुसता कोंडा. कणीक हातावर घेतली की मधेच फाटायची. एक फाटली, दुसरी फाटली, मडक्यावर टाकलेली तिसरी गळून चुलीत पडली. आत्या माझ्याकडे पाहून म्हणाली, “पाह्य, पाह्य. पाह्य आपले गुण.” मी चुलीपाशी लाकडं सारत होते. बाबा पाटावर बसून रोटीची वाट पाहत होते. ते म्हणाले, “असू दे बाई, आज भात वाढ.” किती समजूतदार.

चौथीची परीक्षा मी दिली, कारण शाळा गावातच होती. जूनमध्ये शांता पाचवीला गेली. तिला चपला मिळाल्या. पहिल्या दिवशी ती आमच्या दारात थांबली आणि हाक न मारता निघून गेली.

आणि पुढल्या पेरणीला बाबांनी बी बदललं. गुपचूप, गणपतकाकांच्या घरून बदल्यात धान देऊन आणलं, आणि सगळ्या वावरात सरकारी गहू पेरला. आत्या कुरकुरली, पण फाटक्या रोट्या तिच्याही लक्षात होत्या. मी एकदा, भांडी घासता घासता, तिला म्हटलं, “आत्या, सरकारी गव्हाले विटाळ समजत नाई ना? मंग आता मी जाऊ शाळेत?”

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मी उलट विचारेन असं तिला वाटलं नव्हतं. मग म्हणाली, “गव्हाले नसन समजत वं. लोकायले समजते.” माझ्याशी ती इतकं खरं कधीच बोलली नव्हती.

त्या माघात परत आभाळ आलं. तसंच, दमट, दिवसचे दिवस. मी बाहेर बसले होते. दुपारी घरात सामसूम झाल्यावर मी पडवीतून उठले, मागच्या बाजूनं निघाले आणि वावरात गेले. धुऱ्यावरून नाही. एका टोकाला शिरले आणि पिकाच्या मधून चालत गेले. दोन्ही हात पसरले होते, पानं तळव्यांना घासत होती. मधोमध, जिथं बाबा बसले होते, तिथं उभी राहिले. मग पलीकडच्या टोकापर्यंत गेले आणि दुसऱ्या ओळीनं परत आले. भीती वाटत नव्हती. मला पाहायचं होतं. नंतर रोज काही ना काही निमित्त काढून मी धुऱ्यापर्यंत जायची आणि पानं उलटून पाहायची. एकाही पानावर पूड आली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. उलट माझा जीव जळायला लागला. मी निर्दोष आहे हे त्या गव्हानं मला एकटीलाच सांगितलं होतं, आणि गहू कोणाकडे साक्ष द्यायला जाणार नव्हता.

खळ्यावर गहू उफणून झाला, त्या संध्याकाळी बाबा राशीपाशी बसले होते. ओंजळीत दाणे घेऊन वरून सोडत होते. भरलेला, टणक दाणा, पडताना आवाज करणारा. ते खुशीत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले होते. आजूबाजूला कोणी नव्हतं.

“बाबा,” मी म्हटलं, “मी माघात बाहेर होती, तवा या गव्हातून चालली. सगळ्या वावरातून.”

त्यांची ओंजळ थांबली. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही. मान वळवून रस्त्याकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

“बाईले नको सांगू,” ते म्हणाले.

“काई झालं नाई गव्हाले.”

“हाव.”

“ते बी होतं बाबा. मी नव्हती.”

त्यांनी दाणे राशीवर सोडले. हात झटकले. “मले माहीत हाये,” ते म्हणाले.

“मंग शाळा?”

“आता कायची शाळा वं,” बाबा म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले. “वर्स गेलं ना आता. आण, पाणी दे.”

मी पाणी दिलं. त्यांनी ते वरून ओतून घटाघटा प्यायलं आणि तांब्या परत दिला.

फोटोत बाबा हसत आहेत. हार मोठा होता, चेहरा अर्धा झाकला होता. बंडूनं माइक पुढं केला तेव्हा मी मान हलवली, पण मला दोन शब्द नाही, तीन बोलायचे होते, आणि ते माझे नव्हते, त्यांचेच होते. मले माहीत हाये. फोटोखाली काही लिहायचं तर ते लिहा.